कुलूपबंद अक्षरं

१० मे १९९५ पासून कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब लागू झालं. कॉम्प्युटर प्रोग्रामची चोरटी प्रत माहीत असूनही वापरली, तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैदेऐवजी नुसत्या दंडावर सोडू शकतं. दुकान मांडून बसलेल्याला ती सवलत नाही. त्याच सुमारास मेहकरला आमच्या छापखान्यात ट्रेडल मशीनशेजारी टेबल टाकून कॉम्प्युटर बसवला गेला. मी तेव्हा अकोल्याला कायदा शिकत होते. सुटीत घरी आले की चिखली, खामगाव, मलकापूरकडचे छापखानेवाले बाबांकडे बसलेले असायचे. कागदाचे भाव, लग्नसराई, निवडणुकीतली बुडालेली उधारी, सगळ्याची चर्चा व्हायची. ६३ब हे नाव मात्र कधी कोणाच्या तोंडी आलं नाही.

आज मी बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझं रोजचं काम शेतीचे दावे, वाटण्या आणि मोटार अपघात. पण प्रोग्रामची नक्कल केली, नाव चोरलं, अशा तक्रारी घेऊनही आता लोक येतात, आणि जवळपास प्रत्येकाची समजूत असते की हा कायदा नवा आहे आणि मुंबई-पुण्यासाठी आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या जिल्ह्यात छाप, नाव आणि अक्षर यांच्या मालकीचा प्रश्न दीडशे वर्षं या ना त्या रूपात पडत आलाय, आणि त्यावरचा इलाजही दरवेळी हाताशी होता.

सुरुवात कापसापासून करावी लागेल. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तशी लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावची बाजारपेठ इतकी फुगली की १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला आणि तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसात सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवणं हा त्या काळचा मोठा तंटा होता. मुंबई सरकारने १८६३ सालीच त्यासाठी कॉटन फ्रॉड्स ॲक्ट केला होता. गाठ दाबल्यावर आतला माल दिसत नाही. खरेदीदार विश्वास ठेवतो तो गाठीवरच्या छापेवर. म्हणून छाप खोटी असली की फसवणूक पुरी होते. १८८९ च्या मर्चंडाइझ मार्क्स ॲक्टने खोटी छाप मारणं हा गुन्हा ठरवला. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. व्यापारचिन्हाची रीतसर नोंदणी आली ती १९४० च्या कायद्याने. मधे १९५८ चा कायदा झाला आणि आज चालतो तो १९९९ चा, १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झालेला.

एक गोष्ट वऱ्हाडातल्या वकिलांनाही हल्ली आठवत नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, पण कागदावर मुलूख निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, वेगळा हुकूम काढून लावावा लागे. १९४१ चा बेरार लॉज ॲक्ट येईपर्यंत हीच रीत. कायदा दूर कुठेतरी होतो आणि आपल्यापर्यंत उशिरा पोचतो, ही आमच्याकडची भावना त्या काळापासूनची असावी असं मला वाटतं. पुरावा देता येणार नाही, पण अशिलांशी बोलताना ती जाणवते.

आता अक्षरांकडे. बाबांच्या छापखान्यात खिळ्यांच्या केसी भिंतीला लागून तिरक्या मांडलेल्या असत. पायका, ग्रेट, काळा, पांढरा. जुळाऱ्याच्या डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसीच्या घरांतून न बघता फिरायचा. देवनागरीचा संच म्हणजे इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा मामला नाही. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. तो एकेक खिळा मुळात कोणीतरी पोलादावर उलटा कोरलेला असतो. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर काढला, त्याची कीर्ती झाली ती त्या कोरीव, बांधीव टायपामुळे. आणि नक्कल तेव्हाही होत होती. चांगल्या फौंड्रीचा कोरा खिळा आणायचा, त्यावर विजेने तांब्याचा थर चढवायचा, तो सोलून काढला की साचा तयार. मूळ कारागिराने ज्यावर वर्षं घातली, ते काही दिवसांत दुसऱ्याच्या ओतकामात जायचं. बाबा सांगायचे, नकली टायप ओळखायला भिंग लागत नाही. ‘श’ ची गाठ भरलेली दिसते आणि मात्रा लवकर मोडते. तरी घेणारे घ्यायचे, कारण किलोमागे स्वस्त.

कायद्याने कॉम्प्युटर प्रोग्रामला घर दिलं ते १९८४ च्या दुरुस्तीने. नवं घर बांधलं नाही, साहित्यकृतीच्या व्याख्येतच त्याला जागा केली. मला हे फार योग्य वाटतं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे वकीलही होते. त्यांची ‘शीळ’ गो. ना. जोशींच्या आवाजात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामोफोनच्या तबकडीवर आली आणि घराघरांत पोचली. शब्दांचा हक्क कवीचा, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, एकाच तबकडीत दोन मालक्या. देशपांड्यांसारख्या माणसाच्या गावात वाढलेल्या मला, ओळीमागून ओळ लिहून केलेला प्रोग्राम कवितेच्या पंगतीत बसतो हे पटायला वेळ लागला नाही. संरक्षणाची मुदतही सारखीच, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ना. घ. २००० साली गेले; त्यांच्या कवितांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत चालेल. एखाद्या प्रोग्रामरचाही तसाच.

१९९० नंतर खिळे भंगारात गेले. आमचे खिळे बाबांनी वजनावर विकले. जागा घेतली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीने, बंगळूरच्या सायबरस्केपच्या आकृतीने, पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएमने. पेजमेकरमध्ये मजकूर जुळवायचा, लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, त्यावरून प्लेट आणि मग ऑफसेट. श्री-लिपी घेतली की सोबत काडेपेटीपेक्षा लहान एक डबी यायची. तिला सगळे ‘लॉक’ म्हणायचे. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये ती खोचायची, प्रिंटरची केबल तिच्यावर लावायची. लॉक काढलं की प्रोग्राम चालत नसे. रात्री दुकान बंद करताना बाबा लॉक काढून गल्ल्यात ठेवायचे आणि गल्ल्याला कुलूप घालायचे.

नक्कल कशी आणि का पसरली, हे इथे नीट सांगायला हवं, कारण ‘लोक चोर होते’ एवढ्यावर भागत नाही. तेव्हाच्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरांना ठरलेला जागतिक क्रमांक नव्हता. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. आम्ही मेहकरला जुळवलेली पत्रिका प्लेटसाठी अकोल्याला पाठवली आणि तिथल्या मशीनवर तोच फॉण्ट नसला, तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी कंस, टक्क्यांची चिन्हं आणि उलटेसुलटे इंग्रजी स्वर दिसायचे. मग फ्लॉपीवर फाइलबरोबर फॉण्टही जायचा. प्लेटवाला तो ठेवून घ्यायचा. त्याच्याकडून दुसरा घ्यायचा. पाठवणाऱ्याचा हेतू फक्त पत्रिका छापून घेण्याचा असे. अशा रीतीने एकाने विकत घेतलेले फॉण्ट तालुकाभर गेले. पुढे लॉक फोडलेल्या सीडी मोठ्या शहरांतून यायला लागल्या, ती मात्र उघड चोरी होती. आणि कॉम्प्युटर विकणाराच हार्डडिस्कमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमपासून टॅलीपर्यंत सगळं ‘फ्री’ भरून द्यायचा, तेव्हा गिऱ्हाइकाला आपण काही चोरतोय हे कळायलाच वाव उरला नाही.

एका दुकानदाराने मला विचारलं होतं, “वकीलबाई, हे अक्षरं काय कोनाच्या मालकीचे हायेत का?” प्रश्न खोडसाळ नव्हता. ‘क’ कोणाचाच नाही, हे खरंच आहे. पण ‘क’ ची ती विशिष्ट गोलाई, त्याच्या देठाची जाडी, शेजारच्या मात्रेला दिलेली जागा, हे कोणीतरी रात्री जागून काढलंय. कायदा इथे थोडा अवघडतो. २००२ साली कॉपीराइट मंडळाने ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या अक्षरवळणाच्या प्रकरणात त्याची कलाकृती म्हणून नोंद करायला नकार दिला. वळणासाठी डिझाइन्स कायद्याचा रस्ता आहे, तिथे टाइपफेसचा वर्गच ठेवलेला आहे, पण मुदत दहा अधिक पाच वर्षांची आणि नोंद आधी केलेली हवी. फॉण्टची फाइल आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर हे प्रोग्राम म्हणून पकडता येतं, आणि कंपन्यांचा खरा आधार तोच राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने ‘लॉक’सारखं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. लॉक फोडलेल्या सीडी गल्लोगल्ली फिरून त्याला तेव्हा वर्षं लोटली होती. वळण काढणाऱ्या चित्रकाराला मात्र आपल्या कायद्याने अजून त्याचा पुरता वाटा दिलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

२००० नंतर काही वर्षं ‘रेड पडणार’ अशी आवई अधूनमधून उठायची आणि चिखलीपासून मलकापूरपर्यंत शटर खाली यायची. एकदा चिखलीच्या एका दुकानात दोघेजण बॅग घेऊन शिरले. गळ्यात ओळखपत्रं. आम्ही कंपनीकडून आलोय, सीपीयू उचलून नेतो, नाहीतर इथेच मिटवून टाका, म्हणून रोख रक्कम मागायला लागले. दुकानदार बाबांच्या ओळखीचा, त्याने घाबरून मला फोन केला. मी एवढंच विचारलं, “भाऊ, सोबत पोलीस आहे का? पीएसआय तरी?” नव्हता. मग त्यांना म्हणावं बसा, मी ठाण्यात फोन लावते. फोन ठेवायच्या आत ते निघून गेले.

कलम ६४ मधली जप्तीची ताकद फौजदार आणि त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्यालाच आहे. कंपनीचा माणूस पोलिसांसोबत येऊन माल ओळखू शकतो, स्वतः हात लावू शकत नाही. आणि कलम ६० तर दुकानदारांनी तोंडपाठ करावं असं आहे: कोणी उगाच कॉपीराइटच्या कारवाईची धमकी देत असेल, तर धमकी मिळालेलाच न्यायालयात जाऊन ‘मी भंग केलेला नाही’ असं जाहीर करून घेऊ शकतो, मनाई आणि भरपाई मागू शकतो. व्यापारचिन्हाच्या कायद्यात हेच कलम १४२ ला आहे. अर्थात ज्याच्या मशीनमध्ये सगळंच नकली आहे, त्याला कलम ६० वाचवणार नाही. हे मी त्या दुकानदाराला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि त्याने पुढच्या लग्नसराईच्या कमाईतून रीतसर प्रत घेतली.

खरा इलाज दिवाणी आहे. कलम ५५ मनाई, भरपाई आणि नफ्याचा हिशोब देतं. कलम ५८ प्रमाणे नकली प्रती मूळ मालकाच्याच समजल्या जातात. कलम ६२ चा जोर आमच्याकडे कोणाला माहीत नसतो: दावा मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. म्हणजे पुण्याच्या कंपनीने चिखलीच्या दुकानदाराला पुण्याच्या तारखा करायला लावणं शक्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली त्यालाही मर्यादा घातली. कंपनीचं कार्यालय जिथे आहे तिथेच भंगही झाला असेल, तर तिथेच दावा लावावा, समोरच्याला उगाच लांब ओढू नये.

आणि कमिशनर. आमच्या कोर्टात कमिशनर म्हटला की शेताची मोजणी आठवते. धुरा कोणी कोरला, बांधावरचं झाड कोणाच्या हद्दीत, हे जागेवर जाऊन बघणारा. दिल्ली उच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरच्या दाव्यांत हाच अधिकारी दुकानांत पाठवला. मुंबई उच्च न्यायालयात ते काम कोर्ट रिसीव्हर करतो. समोरच्याला नोटीस न देता, कारण धुरा रातोरात हलत नाही पण हार्डडिस्क मिनिटात पुसली जाते. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या दाव्यात दिल्लीच्या न्यायालयाने, कॉम्प्युटरमध्ये नकली सॉफ्टवेअर भरून विकणाऱ्याविरुद्ध १९ लाख ७५ हजारांचा हुकूमनामा दिला. विक्रेता हजर झाला नाही, हिशोबाच्या वह्या मिळाल्या नाहीत. तरी वर्षाला किती मशीन विकल्या असतील याचा अंदाज धरून न्यायालयाने नफा काढला. वह्या दडवल्याने सुटका होत नाही, हे त्यातून मी अशिलांना सांगते.

फौजदारी बाजूने बराच काळ गोंधळ होता, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. ठाणे अंमलदार आता ‘कोर्टात जा’ म्हणून परत पाठवू शकत नाही.

हे सगळं असूनही मराठी फॉण्टच्या नकलेवरून बुलढाण्याच्या कोर्टात लढलेला एखादा दावा मी स्वतः पाहिलेला नाही. दुष्काळी तालुक्यातल्या दुकानदाराकडून कंपनीला वसूल काय होणार, हा साधा हिशोब असावा. नकलेचा जोर ओसरला तो युनिकोडमुळे. अक्षराला ठरलेला क्रमांक मिळाला, फाइलबरोबर फॉण्ट पाठवण्याची गरज गेली. विंडोजमध्ये प्रा. र. कृ. जोशींचा मंगल आला. सरकारने २००५ पासून एकेका भाषेच्या फॉण्टच्या मोफत सीडी काढल्या. मग मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बालू असे फॉण्ट खुल्या परवान्याने आले. खुला परवाना म्हणजे कायद्याला फाटा नव्हे. तो कॉपीराइटवरच उभा आहे: वापरा, बदला, वाटा, पण नुसता फॉण्ट विकू नका, परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, आणि मूळ नाव राखीव ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉण्टला ते लावू नका. शेवटच्या अटीत गाठीवरच्या छापेचंच तत्त्व आहे.

आणि आता आमचा जिल्हा दाव्याच्या दुसऱ्या बाजूलाही उभा राहतोय. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. तेव्हापासून या भागात प्रोग्राम लिहिणारी पोरं तयार होत आहेत. काही वर्षांपूर्वी त्यातलाच एक तरुण माझ्याकडे आला. कृषी सेवा केंद्रांसाठी त्याने बिलाचा प्रोग्राम केला होता: बियाण्याचा लॉट नंबर, खताचा साठा, हंगामाची उधारी, सगळं मराठीत. जुन्या भागीदाराने सोर्स कोड नेऊन, नावात एक अक्षर बदलून तोच प्रोग्राम घाटाखालच्या तालुक्यांत निम्म्या किमतीला विकायला काढला होता. मुलगा म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे तर काहीच कागद नाही.”

कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क जन्मतो. तरी पुरावा म्हणून आम्ही अर्ज केला. फी पाचशे रुपये, सोबत सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं, काहीही न झाकता. नाव नोंदवलेलं नव्हतं म्हणून व्यापारचिन्हाच्या भंगाऐवजी ‘पासिंग ऑफ’ चा दावा, आणि त्यासाठी नावाची पत सिद्ध करावी लागते. आम्ही दुकानदारांची जुनी बिलं गोळा केली, ज्यांच्या तळाशी प्रोग्रामचं नाव छापलेलं होतं. एका अक्षराच्या फरकाने सुटता येत नाही हे दाखवायला मुंबई उच्च न्यायालयाचा १९९९ चा रेडिफचा निकाल जोडला. तिथे ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ या नावांतलं साम्य फसवं ठरवून मनाई दिली होती. नकली प्रोग्राममध्ये माझ्या अशिलाने केलेली शुद्धलेखनाची एक चूक जशीच्या तशी होती, ‘शिल्लख’. ती आम्ही अर्जात अधोरेखित केली.

एकतर्फी मनाई मिळाली, कमिशनरने जाऊन हार्डडिस्कची प्रत सील केली. पुढे मध्यस्थीत समोरच्याने नाव सोडलं, विकलेल्या प्रतींची यादी दिली आणि रक्कम हप्त्यांनी भरायचं कबूल केलं. ज्या दुकानांनी नकली प्रत पैसे मोजून, अजाणता घेतली होती, त्यांच्यावर काही मागायचं नाही, हे माझ्या अशिलाने स्वतःहून लिहायला सांगितलं. त्यांना अस्सल प्रत दिवाळीच्या आत फुकट बसवून द्यायची, असं तडजोडीत कलम घातलं आहे.